खाण, मालक आणि मैदान



जयपूरसारख्या नगरीत फुटबॉलवर बोलावयाचे, आणि तेही जर्मनीतील कोळशाच्या व गोव्यातील लोखंडाच्या खाणींच्या संदर्भात, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु मला जो प्रश्न मांडावयाचा आहे, तो या नगरीला अपरिचित नाही. महाराज सवाई मानसिंह दुसरे यांचा पोलो संघ 1933 साली इंग्लंडला गेला आणि तेथील सर्व प्रमुख स्पर्धा जिंकून परतला. त्या संघामागे राजाश्रय होता. पुढे संस्थाने विलीन झाली, 1971 साली तनखेही बंद झाले, आणि त्या प्रकारचा आश्रय देणारी व्यवस्थाच संपली. आश्रयावर वाढलेला खेळ आश्रयदात्याच्या पश्चात कितपत तग धरतो, हा तो प्रश्न होय. खाणींच्या प्रदेशातील फुटबॉल क्लबांच्या उदयास्ताचा विचार मी याच प्रश्नाच्या अनुषंगाने करणार आहे.

या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मनीच्या रूर खोऱ्यातील गेल्झेनकिर्शेन या नगरात सापडते. तेथील शाल्के नावाच्या वस्तीत काही किशोरवयीन मुलांनी 1904 साली एक क्लब काढला. वस्ती कोळशाच्या खाणींवर जगणारी होती. पूर्व प्रशियातील माझुरिया प्रांतातून पोट भरण्यासाठी आलेली अनेक कुटुंबे तेथे राहत. त्यांची आडनावे पोलिश वळणाची असल्यामुळे प्रतिष्ठित समाज त्यांना तुच्छ लेखी. एर्न्स्ट कुत्सोरा आणि फ्रित्स शेपान हे या क्लबचे दोन सर्वश्रेष्ठ खेळाडू अशाच माझुरियन कुटुंबांत जन्मले होते. कुत्सोराने स्वतः खाणीत काम केले होते. आखूड पासांची अखंड देवघेव करीत प्रतिस्पर्ध्याला गरगर फिरविण्याची त्यांची एक पद्धत होती. लोकांनी तिला ‘भोवरा’ या अर्थाचे जर्मन नाव दिले. या संघाने 1934 ते 1942 या काळात सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. तो काळ नात्सी राजवटीचा होता, आणि त्या राजवटीने या कामगारांच्या संघाचा आपल्या प्रचारासाठी उपयोग करून घेतला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सातवे अजिंक्यपद 1958 साली मिळाले. त्याच वर्षी रूरमधील कोळशाला उतरती कळा लागली. स्वस्त खनिज तेल आणि परदेशी कोळसा यांच्या स्पर्धेपुढे खाणींत माल पडून राहू लागला आणि कामगारांच्या पाळ्या रद्द होऊ लागल्या. पुढील साठ वर्षांत एकामागून एक खाणी बंद पडल्या, आणि 2018 च्या डिसेंबरात बोट्रोप येथील अखेरची खाणही मिटली. शाल्केला राष्ट्रीय लीगचे विजेतेपद त्यानंतर लाभले नाही. 1971 मध्ये सामना विकल्याच्या प्रकरणाने क्लबची अप्रतिष्ठा झाली. 1997 साली इंटर मिलानला हरवून त्याने युएफा चषक जिंकला खरा. परंतु पुढे खर्च हाताबाहेर गेला, कर्ज वीस कोटी युरोंच्या वर पोहोचले, आणि 2021 व 2023 असा दोनदा तो दुसऱ्या श्रेणीत घसरला.

ही अधोगती निःसंशय आहे. मात्र तिच्या जोडीला दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दुसऱ्या श्रेणीत खेळत असतानाही या क्लबचे दीड लाखांहून अधिक सभासद होते. जर्मनीतील अनेक मोठ्या क्लबांनी आपला व्यावसायिक फुटबॉल विभाग कंपनीच्या हवाली केला. शाल्के सभासदांची नोंदणीकृत संस्थाच राहिली. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानावर येतात, तो आजही खाणीतील बोगद्यासारखा सजविलेला आहे. कोळसा संपला, खाणकामगारही उरले नाहीत, परंतु क्लब नाहीसा करण्याचा अधिकार कोणा एकाच्या स्वाक्षरीत कधीच नव्हता.

आता गोव्याकडे वळू. फुटबॉल गोव्यात 1883 साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंबरोबर शिवोलीत आला असे सांगतात. चर्चच्या आणि शाळांच्या पटांगणांवर तो रुजला आणि गावागावांतील चुरशीवर वाढला. पैसा मात्र दुसरीकडून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहू लागले, तेव्हा डिचोली, सत्तरी व सांगे या पूर्वेकडील तालुक्यांतील लोहखनिजाला गिऱ्हाईक मिळाले. खनिज ट्रकांतून नदीकाठी यावे, बार्जेसमधून मांडवी व जुवारीच्या पात्रातून मुरगाव बंदरात जावे, आणि तेथून परदेशी रवाना व्हावे, असा तो क्रम होता. या व्यापारात जी घराणी समृद्ध झाली, त्यांनी फुटबॉलला हात दिला. साळगावकर क्लब 1956 साली, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतच, स्थापन झाला. धेंपो आणि सेझा गोवा यांचे संघ त्यामागून पुढे आले.

या आश्रयाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्या काळात खेळाडूला खेळावर पोट भरता येत नसे, त्या काळात या कंपन्यांनी त्याला नोकरी, पगार आणि सरावाला मोकळा वेळ दिला. गोव्याने संतोष करंडक 1983 साली बंगालसह संयुक्तपणे आणि 1984 साली स्वबळावर जिंकला. त्या संघांचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे साळगावकर क्लबचे खेळाडू होते. 1988 व 1989 मध्ये साळगावकरने फेडरेशन चषक पटकाविला, आणि 1998-99 च्या मोसमात शब्बीर अली यांच्या मार्गदर्शनाखाली तो राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. त्यानंतर आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविले. 2007-08 पासून 2012-13 पर्यंत सलग सहा मोसम आय-लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. त्यांपैकी तीन धेंपोचे, एक साळगावकरचे, आणि उरलेली दोन चर्चिल ब्रदर्स या क्लबची होत. हा क्लब खाणीच्या पैशावर उभा नव्हता.

याच वर्षांत चीनच्या मागणीमुळे खाणव्यवसायाला भरती आली होती. 2010-11 साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेले. शेते गाळाने भरली, विहिरी आटल्या आणि रस्त्याकाठची गावे तांबड्या धुळीने माखली, अशी रहिवाशांची तक्रार होती. न्यायमूर्ती शहा आयोगाने अवैध उत्खननावर बोट ठेवल्यावर 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबविल्या, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. 2014 साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती बंदी उठली. परंतु 2018 च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले.

खाणी बंद पडल्या म्हणून क्लब बुडाले, असा सोपा निष्कर्ष येथे कोणी काढील. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. धेंपो घराण्याने आपला खाणव्यवसाय 2009 सालीच सेझा गोवा कंपनीला विकला होता. तरी त्यानंतर त्यांच्या क्लबने दोनदा देशाचे अजिंक्यपद जिंकले. याचा अर्थ असा की, खाण गेल्यावरही मालकाची इच्छा असेतो क्लब फुलू शकला. पुढे 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची योजना आय-लीगला दुय्यम स्थान देणारी आहे, हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप रास्त होता की नव्हता, यावर मतभेद असू शकतील. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये उन्हापावसात बसून या संघांना आपले मानले, त्यांचे या निर्णयात मत नव्हते. ते प्रेक्षक होते, सभासद नव्हते.

गोवा आणि रूर यांच्यातील खरा भेद मला येथे दिसतो. शाल्केचे खेळाडू, त्यांचे प्रेक्षक आणि त्यांची खाण ही एकाच वस्तीत होती. गोव्यात खनिज निघे ते पूर्वेच्या डोंगराळ तालुक्यांत, आणि फुटबॉलपटू निपजत ते बहुतांशी सासष्टी, मुरगाव आणि बार्देश या किनाऱ्याकडील गावांत. त्या दोहोंना जोडणारा दुवा एकच होता, तो म्हणजे मालक. दुवा निखळताच दोन्ही टोके सुटी झाली. असे घडलेले हे एकमेव उदाहरण नव्हे. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला पंजाबातील जेसीटी हा कापडगिरणीचा संघ आणि मुंबईचा महिंद्र युनायटेड हे अनुक्रमे 2011 व 2010 साली कंपन्यांच्या निर्णयाने बंद झाले. याउलट कोलकात्याच्या मोहन बागानचे उदाहरण पाहा. 2020 साली त्याचा फुटबॉल विभाग एका कंपनीच्या संघात विलीन झाला आणि नावामागे ‘एटीके’ ही अक्षरे लागली. समर्थकांनी तीन वर्षे तक्रार लावून धरली, आणि 2023 साली ती अक्षरे काढावी लागली. कंपनीला जेथे लोकांचे ऐकावे लागले, तेथे 1889 पासूनची सभासदांची परंपरा उभी होती.

सभासदत्व हा सर्व रोगांवरचा उतारा आहे, असे मी म्हणत नाही. शाल्केचे कर्ज सभासदांच्या डोळ्यांदेखतच वाढले. लोकांच्या मालकीचा क्लबही चुकतो आणि हरतो. परंतु तो हरल्यावर पुन्हा उभा राहण्यासाठी कोणाच्या मर्जीची वाट पाहत नाही. धेंपो क्लब 2024-25 च्या मोसमात आय-लीगमध्ये परतला, ही आनंदाची गोष्ट आहे; तरी तो परतावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार, जाताना होता तसाच, येतानाही लोकांकडे नव्हता.

आता आपल्या राजस्थानविषयी. उदयपूरजवळच्या जावर येथे प्राचीन काळापासून जस्त काढले जाई. तेथे हिंदुस्तान झिंक कंपनीची फुटबॉल अकादमी चालते. 1966 साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीची सूत्रे 2002 साली खासगी हाती गेली. जो उद्योगसमूह ती चालवितो, त्याच्याच हाती 2007 पासून सेझा गोवाही आहे आणि तिची फुटबॉल अकादमीही. म्हणजे गोव्याची कथा आपल्या दाराशी येऊन पोहोचली आहे. दुसरीकडे, 2018 साली स्थापन झालेल्या राजस्थान युनायटेड या जयपूरच्या क्लबने 2022 च्या ड्युरंड चषकात बलाढ्य एटीके मोहन बागानला 3-2 असे हरविले. आणि तरीही 2022-23 च्या मोसमात त्याला आपले ‘घरचे’ सामने दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर खेळावे लागले. ज्या क्लबचे घर दुसऱ्या नगरात असते, त्याला नगराने आपला कसा म्हणावा?

यासाठी माझ्या तीन सूचना आहेत. त्यांत नवे काही नाही. क्लब निघावा तो सभासदांची वही घेऊन, आणि वर्गणी खाणमजुराला व रिक्षावाल्याला परवडेल इतकी असावी. मैदान कंपनीच्या नव्हे, तर नगराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर असावे. आणि देणगीदार कितीही उदार असला तरी वर्षाचा जमाखर्च सभासदांच्या सभेत वाचून दाखविला जावा. आश्रयदात्याला आपण मानाचे पान अवश्य द्यावे, त्याचे नाव चषकावर कोरावे. मात्र क्लब बंद करण्याची किल्ली त्याच्या हाती देऊ नये. खनिज एकदा काढले की पुन्हा भरून येत नाही. खेळणारी मुले मात्र दरवर्षी नवी येत राहतात. त्यांचा क्लब खनिजाच्या आयुष्याशी बांधावयाचा की मुलांच्या, हे आपणच ठरवावयाचे आहे.