डबा भंगारात घालण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या लेखापाल ताई संगणकांबद्दल जे बोलल्या, ते त्यांच्याच शब्दांत.)

मागच्या सभेत एका ताईंनी सरळच विचारलं, "कॉलेजातून आणलेले तीन डबे कार्यालयात धूळ खात पडलेत, भंगारवाल्याला का देत नाही?" तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. आज उत्तर द्यायला उभी आहे. एक चूकही कबूल करायची आहे, ती ओघात येईलच.

हे डबे म्हणजे वर्कस्टेशन. इमारतींचे, यंत्रांचे नकाशे काढायला वापरतात ते दणकट संगणक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, ती या जुन्या डब्यांत नाही. म्हणून कॉलेजाने ते काढून टाकले. यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याच्यावरची विंडोज म्हातारी झाली होती. मग ठरलं की लिनक्स मिंट घालायची. ती फुकट असते, कुणीही वापरावी, कुणालाही द्यावी. रॅम ४ जीबी असली की आपल्या कामाला पुरते.

ठरवणं सोपं होतं. तीनही डबे सुरूच होईनात! दुरुस्तीवाले दादा आले, बघितलं आणि म्हणाले, "ताई, नवीन घ्या." नवीन घ्यायचे म्हणजे पैसा तुमच्याच वर्गणीतून जाणार. म्हणून म्हटलं, थोडं थांबू.

आता मला सांगा, विहिरीवरची मोटार पाणी देईना तर आपण काय करतो? लगेच नवी मोटार आणत नाही. आधी लाइट आहे का बघतो, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. संगणकाचंही तसंच असतं. बटण दाबलं की आधी बायोस जागा होतो, तो स्वतःचे भाग तपासतो. मग कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते शोधतो. त्या डिस्कवर ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो लिनक्सला उठवतो. गाडी कुठल्या टप्प्यावर अडली ते नीट बघितलं की निम्मं काम होतं. मी वही केली. डबा क्रमांक, पडद्यावर काय दिसलं, मी काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुरू झालं तेच कळत नाही.

पहिला डबा इंग्रजीत सांगायचा की सुरू होण्याजोगी डिस्कच नाही. दोष माझा होता. लिनक्सची जवळजवळ ३ जीबीची फाइल मी पेनड्राइव्हवर फोटो कॉपी करतो तशी कॉपी केली होती. तसं चालत नाही. रूफस किंवा एचर अशा प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर "लिहावी" लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. शिवाय आपले डबे जुन्या पद्धतीच्या बायोसचे, म्हणून रूफसमध्ये एमबीआर हा पर्याय निवडावा लागला. मग सुरू होताना एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडला, झालं. काही कंपन्यांच्या डब्यांत ते बटण वेगळं असतं, पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं येतं, फक्त ते भर्रकन जातं.

दुसऱ्याचं दुखणं वेगळं. यादी दिसायची, मिंटचं चिन्ह यायचं आणि पडदा काळा. पंखा मात्र घरघरत होता. म्हणजे डिस्क सापडली, लिनक्स उठलं, अडलं ते चित्र दाखवणाऱ्या कार्डापाशी. मिंटच्या पहिल्या यादीत "कम्पॅटिबिलिटी मोड" अशी ओळ असते, ती निवडल्यावर पडदा आला. लिनक्स घातल्यावर पुन्हा तेच व्हायला लागलं. मग ग्रबच्या यादीवर ई दाबून, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक शब्द लिहिला. एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, नोमोडसेट. मग एफ १०. हा इलाज एकाच वेळेपुरता असतो, नंतर तो ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा लिहिला. व्हिडिओ थोडा अडखळतो. आपल्याला हिशेब करायचाय, सिनेमा नाही बघायचा!

आता तिसरा. इथेच माझं चुकलं.

आपल्या जुन्या संगणकाची हार्डडिस्क आपण या तिसऱ्या डब्यात बसवून ठेवली होती, त्यात सगळ्या ग्रामसंघांचे हिशेब. डब्याची स्वतःचीही डिस्क होती. दोन्ही ५०० जीबीच्या. लिनक्स घालताना "डिस्क पुसून घाला" असा पर्याय येतो, त्यात मी डिस्क निवडली. दोन्हींचा आकार सारखा, नाव अर्धवट वाचलं आणि पुढे जा दाबलं. हिशेबाची डिस्क पुसली गेली.

मार्चअखेरपर्यंतची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर होती, म्हणून वाचलो. त्यानंतरच्या दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या. ज्या ग्रामसंघांच्या तायांना उन्हात वह्या घेऊन परत यावं लागलं, त्यांची मी आज सगळ्यांसमोर माफी मागते. तुमच्या हाताने लिहिलेल्या वह्या होत्या म्हणून एक रुपयाचाही फरक न येता हिशेब जुळला. आता मी लिनक्स घालायच्या आधी कामाच्या डिस्कची केबलच काढून ठेवते. जी जोडलेलीच नाही, ती पुसली जाणार कशी?

त्या डब्याचं एवढ्यावर भागलं नाही. पेनड्राइव्ह लावला की सुरू, काढला की बंद. घाईत ग्रब हार्डडिस्कऐवजी पेनड्राइव्हवरच बसला होता. पेनड्राइव्ह लावून सुरू केलं, कोणती डिस्क किती जीबीची ते बघितलं आणि ग्रब हार्डडिस्कवर पुन्हा बसवला. मिंटच्या पेनड्राइव्हवर बूट रिपेअर म्हणून प्रोग्रॅम असतो, त्यानेही हे होतं.

तिन्ही डबे सुरू झाले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डबा पुन्हा बंद! आणि पडद्यावरची तारीख कितीतरी वर्षं मागची. मी डोक्याला हात लावला. शोधता शोधता कळलं, आत घड्याळासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. बायोसच्या सेटिंग आणि तारीख तो सांभाळतो. तो संपला होता. कॉलेजात डब्यांचं बटण बंद केलं तरी बोर्डावरची लाइट चालूच असणार, म्हणून तिथे कुणाला कळलं नाही. आपण संध्याकाळी बोर्डच बंद करतो, वर भारनियमन. लाइट गेली की डबा सगळं विसरायचा, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तेसुद्धा. तारीख चुकली की बँकेची साइटही उघडत नाही, हे त्याच दिवशी शिकले. घड्याळाच्या दुकानातून तीन सेल आणले, वायर काढून बदलले, सेटिंग पुन्हा केली. त्यानंतर आजपर्यंत त्रास नाही.

एक खरं सांगते, सगळंच लिनक्सवर होत नाही. टॅली चालत नाही, म्हणून ऑडिटसाठी विंडोजचा एक संगणक ठेवावाच लागेल. पण पत्रं, ठराव, एक्सेलचे तक्ते, ऑनलाइन नोंदी सगळं या डब्यांवर होतंय, मराठीत टाइप होतंय.

सारिका-मोनिका असतात तशा कार्यालयाच्या फळीवर आता दोन पेनड्राइव्ह आहेत. लाल दोरीचा लिनक्सचा, पिवळ्या दोरीचा हिशेबाच्या प्रतीचा. पिवळा दर शनिवारी अध्यक्षताई घरी घेऊन जातात. कुणाच्या घरी, शाळेत, दुकानात असा बंद डबा असेल तर बाजाराच्या दिवशी दुपारी घेऊन या. आधी सेल बघू.