स्नायूंची साक्ष



मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढले शिक्षण कारखान्याच्या दारात आणि वाचनालयात झाले. तरीही आज स्नायूंतील विजेवर बोलायला उभा राहिलो, याला कारण एक कामगार आहे. तो इथेच, पिंपळे गुरवात राहात असे. नदीपलीकडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. त्याचा उजवा हात थरथरू लागला आणि साहेबांनी मेमो दिला, की हा दारू पिऊन कामावर येतो. दारूला तो कधी शिवलेला नव्हता. पण चौकशीत नुसत्या शपथेला कोण विचारतो?

मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून पोचला, की स्नायूत विजेची लहर धावते. बेडकाच्या तंगड्यांवर प्रयोग करून इटलीच्या गाल्व्हानीने या प्राणिज विजेविषयी १७९१ साली लिहिले. कातडीवर चकत्या चिकटवून मोजली तर ती फार तर काही मिलिव्होल्ट भरते. आपल्या बॅटरीचा एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे दीड हजार मिलिव्होल्टचा असतो! ती यंत्राने वाढवून आलेख काढतात. त्याला ईएमजी म्हणतात.

आता गंमत पाहा. मनगट आत वळवणारे स्नायू काम करतात, तेव्हा बाहेर उचलणारे बहुधा सैल पडतात. कंपवाताच्या थरथरीत दोघांचे झटके पुष्कळदा आळीपाळीने येतात, सेकंदाला सुमारे ४ ते ६, आणि तेही हात मांडीवर विसावलेला असताना. डिस्टोनिया नावाच्या विकारात दोघेही एकाच वेळी ताणतात, हात वाकडा ओढला जातो. डोळ्यांना मात्र 'हात हलतो' एवढेच दिसते.

आलेख दारूचा निवाडा करीत नाही, आणि एकट्या आलेखावरून रोगही ठरत नाही. डॉक्टरांनी रोग्याला तपासावेच लागते. आमच्या माणसाला त्यांनी तपासले, आलेख काढला, कंपवात निघाला. मेमो मागे घेतला गेला. पण माझीही चूक सांगतो. भत्ता बुडू नये म्हणून 'त्याला प्रेसवरच ठेवा' असे मी भांडत होतो. थरथरता हात डायखाली गेला असता तर? पगार न कापता त्याला स्टोअरमध्ये घ्या, ही मागणी मला डॉक्टरांनी सुचवली.

आता अंगावर बांधायचे असे मापक निघाले आहेत. उद्या ते कारखान्यात आले तर माझा पहिला प्रश्न एवढाच राहील: आलेखाचा कागद आधी कोणाच्या हातात पडणार, कामगाराच्या की टाइम-ऑफिसच्या?