उन्हाळी विज्ञानवर्ग आणि प्रवेशाचा अर्ज
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



परीक्षांचे निकाल लागले की देवापुढे पेढे ठेवण्याची आणि गुणवंतांना शाल-श्रीफळ देण्याची आपली प्रथा जुनी आहे व ती स्तुत्यही आहे. अलीकडे मात्र गुणपत्रिकेच्या जोडीला आणखी एका कागदाची चर्चा घरोघर ऐकू येते. तो कागद म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणाऱ्या निवासी विज्ञानवर्गाच्या प्रवेशाचा अर्ज होय. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांकडून या वर्गांची वार्ता येते. अमक्याच्या मुलीला प्रवेश मिळाला, तमक्याच्या मुलाला नाकारले, एवढेच त्यातून कळते. त्या वर्गात काय शिकवितात आणि तो अर्ज मुळात कशासाठी असतो, हे क्वचितच कोणी विचारतो.

अशा वर्गांत आर्नल्ड रॉस यांचा गणितवर्ग जुना व मान्यताप्राप्त आहे. रॉस यांचा जन्म १९०६ साली शिकागोत झाला, पण बालपण गेले ओडेसा शहरी. राज्यक्रांतीनंतरच्या त्या हलाखीच्या दिवसांत पैशाला किंमत उरली नव्हती. शातुनोव्स्की नावाच्या थोर गणितज्ञाने या मुलाला शिकविले आणि त्याची दक्षिणा एक पौंड फ्रेंच गोळ्यांच्या रूपाने दिली गेली, असे सांगतात. गुरुदक्षिणेच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत ही गोड दक्षिणा शोभून दिसेल. पुढे शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून रॉस प्राध्यापक झाले आणि १९५७ च्या उन्हाळ्यात नोटर डेम विद्यापीठात त्यांनी शाळकरी मुलांना आपल्या वर्गात घेतले. रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि मग अमेरिकेला विज्ञानशिक्षणाची जाग आली, असे म्हणण्याची रीत आहे. स्पुतनिक उडाला त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. रॉस यांचा वर्ग त्यापूर्वीच भरून गेला होता! १९६४ मध्ये तो ओहायो राज्य विद्यापीठात गेला आणि वयाची नव्वदी उलटल्यावरही, इसवी सन २००० पर्यंत, रॉस तो चालवीत राहिले. २००२ साली ते निवर्तले. वर्ग अद्याप चालू आहे.

सुमारे सहा आठवड्यांच्या या वर्गात विषय मुख्यतः एकच, संख्यासिद्धांत. ‘साध्या गोष्टींचा खोल विचार करा’ हे वर्गाचे ब्रीद आहे. उपकरणे नाहीत, प्रयोगशाळा नाही. कागद, पेन्सिल आणि रोज नवी उदाहरणे. उदाहरणादाखल एक प्रश्न पाहू. कोणत्या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने मिळतात? ५ म्हणजे १ अधिक ४, १३ म्हणजे ४ अधिक ९, १७ म्हणजे १ अधिक १६, २९ म्हणजे ४ अधिक २५. परंतु ३, ७, ११, १९ कितीही प्रयत्न केला तरी बसत नाहीत. विद्यार्थी तक्ता मांडतो, त्याकडे दोन दिवस पाहत बसतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात येते की, बसणाऱ्या विषम संख्यांना ४ ने भागल्यास बाकी १ उरते आणि न बसणाऱ्यांना ३. येथे आपली शाळा ‘शाबास’ म्हणून थांबेल. त्या वर्गात खरे काम येथून सुरू होते: हे का? कोणत्याही वर्गसंख्येला ४ ने भागले की बाकी ० किंवा १ च उरते. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येणार नाही. प्रश्नाचा अर्धा भाग आठवीच्या मुलालाही सोडविता आला. बाकी १ असलेली प्रत्येक मूळ संख्या मात्र हटकून का बसते, हे सिद्ध करणे कठीण. फेर्माने १६४० साली ते विधान केले, आणि त्याची सिद्धता ऑयलरने दिली ती शंभर वर्षांनंतर.

आकड्यांशी असे खेळणे आपल्याला परके नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला, तोही वहीवर वजाबाक्या करीतच.

या वर्गाच्या अर्जाबरोबरही उदाहरणे येतात. ती घरी बसून, आठवडेच्या आठवडे खपून सोडवावयाची असतात. सर्व सुटावीत अशी अपेक्षा नसते. विद्यार्थी अडला कोठे, त्याने कोणते मार्ग चोखाळले, आपली चूक त्याला दिसली की नाही, हे परीक्षक पाहतात. म्हणजे हा अर्ज वर्गाचाच पहिला धडा आहे. ज्याला प्रवेश नाकारला गेला, त्यालाही तो धडा मिळून चुकलेला असतो. आणि नाकारले जाणारेच बहुसंख्य असतात. अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी सहसंस्थापित केलेल्या संस्थेने १९८४ पासून चालविलेल्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षणशुल्क नाही, प्रत्यक्ष संशोधकाच्या हाताखाली काम मिळते. पण जगभरातून निवड होते ती शंभराच्या आसपास मुलांची.

नेमका येथेच पालकांचा मोह आड येतो. कोणी शिकवणीच्या मास्तरांकडून उदाहरणे सोडवून घेतो, कोणी पैसे मोजून निबंध लिहवून घेतो; आता तर यंत्रही क्षणार्धात उत्तर लिहून देते. असा अर्ज मंजूर झालाच, तर ते मूल सहा आठवडे अशा मुलांत जाऊन बसते, ज्यांनी आपले आपण सोडविले आहे. नामंजूर झाला, तर हाती काहीच राहत नाही, कारण धडा दुसऱ्यानेच गिरविलेला असतो. मोठे शुल्क घेऊन भारदस्त प्रमाणपत्र देणारे वर्गही पुष्कळ निघाले आहेत. निवड कशी होते आणि शिकविणार कोण, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे त्यांची पारख होते.

अमेरिकेचे वर्ग भरतात तेव्हा आपल्याकडे शाळा सुरू झालेल्या असतात, हीही अडचणच. पण सर्वांनी तिकडेच पाहण्याचे कारण नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडसाठी निवडलेल्या मुलांची शिबिरे भरतात. इस्रोने २०१९ साली नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ सुरू केले. त्याच्या निवडीत ग्रामीण शाळांच्या विद्यार्थ्यांना झुकते माप आहे आणि खर्च इस्रो सोसते. रॉस यांच्या शिष्यपरंपरेतून १९८९ साली बॉस्टनमध्ये ‘प्रॉमिस’ हा वर्ग निघाला. त्याचीच शाखा अलीकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भरू लागली आहे. बेळगावहून तेथे रात्रीच्या गाडीने जाता येते.

महाजन मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीचा विनियोग आज बहुतांशी गुणांच्या टक्क्यांवर होतो. त्यातील थोडा भाग अशा वर्गाला निवडल्या गेलेल्या मुलाच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवता येईल. शिवाय वैशाखात देवळाच्या अग्रशाळेतील खोल्या जत्रेचे दिवस वगळता रिकाम्याच असतात. त्यांपैकी एक खोली, एक फळा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी येण्यास राजी असा महाविद्यालयातील एखादा प्राध्यापक, एवढी तजवीज झाली, तर दहा-बारा मुलांना अर्जाची उदाहरणे घेऊन बसता येईल. प्राध्यापकांना एकच अट घालावी लागेल: उत्तर सांगावयाचे नाही.