मासेवाला, सफरचंदांची पिंपं आणि एक कादंबरी

(कार्यकर्त्यांच्या लेखन-शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला, 'लेखिकेचा दिवस'. मी काही लेखिका नाही. समाजकार्यात एम.ए. केलं आणि तेव्हापासून केसच्या नोंदी, अहवाल, अर्ज हेच लिहीत आले. तेही बरेचदा एस.टी.त, गुडघ्यावर फाइल ठेवून. पण काल रात्री गाद्या घालून आपण बोलत बसलो होतो, तेव्हा एकेक करून प्रत्येकीनं तेच सांगितलं. लिहायला बसलं की कोणीतरी हाक मारतं. म्हणून ठरवलं की अशाच एका हाका मारल्या जाणाऱ्या बाईचा दिवस तुम्हाला सांगायचा. बाई परदेशातली आहे, काळ जुना आहे. पण ऐका.

तिचं नाव हॅरिएट बीचर स्टो. 'अंकल टॉम्स केबिन' ही गुलामगिरीविरुद्धची कादंबरी तिची. १८५० सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ती अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या ब्रन्सविक नावाच्या लहान गावात राहायला आली. नवऱ्याला तिथल्या कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली होती. आली तेव्हा दिवस भरत आले होते. घर भाड्याचं, जुनं. जुलैत मुलगा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४९ मध्ये, सिनसिनाटीच्या कॉलऱ्यात तिचं दीड वर्षाचं बाळ गेलं होतं. हे दुःख घेऊनच ती या नव्या घरात उभी होती. त्या सप्टेंबरात पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करायचा कायदा झाला. उत्तरेतल्या माणसांनीही पकडायला मदत केली पाहिजे, नाही केली तर शिक्षा. तिच्या भावजयीनं तिला पत्र लिहिलं, की तुझ्यासारखी लेखणी माझ्या हातात असती तर मी या देशाला हा प्रकार काय आहे ते दाखवून दिलं असतं. हॅरिएटनं उत्तर दिलं, की मी लिहीन. पण त्याच्या जोडीला हेही लिहिलं, की बाळ रात्री माझ्याजवळ झोपतंय तोवर माझ्या हातून फारसं काही होणार नाही.

हे दुसरं वाक्य चरित्रं सांगणारे लोक घाईघाईनं सांगतात. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

आता हिवाळ्यातला एक दिवस बघू. मेनमध्ये हिवाळी वादळ येतं ते समुद्रावरून, ईशान्येचा वारा घेऊन. तेव्हा सरकारी हवामानखातं नव्हतं. अमेरिकेत ते १८७० मध्ये सुरू झालं. आभाळ भरून आलं, वारा फिरला, की लोकांनी ओळखायचं. आणि वादळ येणार म्हटल्यावर घरात काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. मे महिन्याच्या शेवटी आपण सरपण आत घेतो, गोवऱ्या झाकतो, गळकी कौलं बघतो. वाट बघणं म्हणजे नुसतं खिडकीशी बसणं नव्हे. ते काम असतं आणि ते कोणाच्या वाट्याला येतं हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

१७ डिसेंबर १८५० ला तिनं भावजयीला एक पत्र लिहिलं. त्यात ती सांगते, की हे पत्र सुरू केल्यापासून मला डझनभर वेळा तरी उठावं लागलंय. मासेवाला आला, त्याच्याकडून कॉड मासा घेतला. एकजण सफरचंदांची पिंपं घेऊन आला, त्याच्याशी बोलले. पुस्तकवाला आला. शेजारच्या बाईंना चित्र काढून द्यायचं कबूल केलं होतं, त्यासाठी तिकडे जाऊन आले. मग बाळाला पाजलं. मग स्वयंपाकघरात जाऊन जेवणासाठी माशाचं दाट सार केलं. आणि आता परत लिहायला बसले आहे. हट्टानं बसते म्हणून लिहून होतं, नाहीतर हे वारा आणि ओहोटी दोन्हींच्या विरुद्ध होडी वल्हवणं आहे, असं ती म्हणते.

त्याच हिवाळ्यातलं नवऱ्याला लिहिलेलं पत्र आहे. तो तेव्हा कामासाठी सिनसिनाटीला होता. सहा मुलं आणि घर हिच्या अंगावर. रविवारी रात्री वारा इतका होता की घर हलत होतं, झोप कसली, रात्र जागून काढली. थंडी अशी की मुलं जेवता जेवता उठून हातपाय शेकायला जायची परवानगी मागत. लोखंडी बंद शेगड्यांनी डोकं तापतं आणि पाय गारठतात. दिवाणखान्यात विस्तवापाशी बसलं तर पाठ गोठते, झोपायच्या खोलीत लिहायला बसलं तर डोकं दुखतं आणि पाय गार पडतात. डोकं दुखलं तर पडायला जागा नाही. वर मुलांची शाळा भरते, ती हिनंच घरात सुरू केलेली. शेजारच्या खोलीत मुली रोज दोन तास वाजवायचा सराव करतात. दार लावून घेतलं तर पंधरा मिनिटांत कोणीतरी कडी वाजवतंच. आणि शेवटी हिशेब. या वर्षी खर्च पगाराच्या वर दोनशे, कदाचित तीनशे डॉलर जाणार. हा खड्डा ती लेख लिहून भरणार होती. म्हणजे लिहिणं हा छंद नव्हता, त्यावर घर चालायचं होतं.

संध्याकाळी दोन तास मुलांना कादंबऱ्या वाचून दाखवायच्या. त्यानंतर जे उरेल ते लेखिकेचं.

घरच्यांच्या आठवणीत असं आहे, की जानेवारी १८५१ मधल्या एका बर्फाच्या वादळात तिचा भाऊ हेन्री, मोठा नावाजलेला धर्मोपदेशक, रात्री उशिरा येऊन पोहोचला आणि दोघं पहाटेपर्यंत गुलामगिरीवर बोलत बसली. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास चर्चमध्ये बसलेली असताना तिच्या डोळ्यांपुढे टॉमच्या मरणाचा प्रसंग उभा राहिला. मार्चमध्ये तिनं वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इरा' या साप्ताहिकाच्या संपादकांना कळवलं, की तीन-चार अंकांत संपेल अशी गोष्ट लिहिते आहे. ती ५ जून १८५१ पासून १ एप्रिल १८५२ पर्यंत चालली. मार्च १८५२ मध्ये पुस्तक आलं आणि पहिल्या वर्षात एकट्या अमेरिकेत त्याच्या तीन लाख प्रती खपल्या. पुढे ती म्हणायची, की हे पुस्तक देवानं लिहिलं. मला जरा रागच येतो. माशाचं सार कोणी केलं मग? आणि १८५१ मध्ये तिची थोरली बहीण कॅथरीन घर सांभाळायला येऊन राहिली नसती, तर देवाला ते पुरं करता आलं असतं का, कोण जाणे.

नवऱ्याबद्दलही थोडं सांगते. १८४२ मध्ये त्यानंच तिला लिहिलं होतं, की तू लेखिका झालंच पाहिजेस. तिनं उत्तर दिलं, की लिहायचं तर मला एक खोली हवी, जी माझी असेल. व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' आलं १९२९ मध्ये. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी हीच मागणी एका पोरवड्याच्या घरातून झाली होती. प्रोत्साहन मिळालं. खोलीचं काय झालं, ते ब्रन्सविकच्या पत्रातल्या कडीच्या आवाजावरून कळतंच.

इथे थांबले असते तर भाषण छान झालं असतं. पण मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढे आहे.

हॅरिएट नावाची आणखी एक बाई होती. हॅरिएट जेकब्ज. नॉर्थ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मली. मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सगळ्यात उंच जागी तीन फूट, एवढ्या पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. खालून आपल्याच मुलांचे आवाज ऐकत. १८४२ मध्ये उत्तरेत पळाली. एका गोऱ्या साहित्यिकाच्या घरी मुलं सांभाळायच्या कामाला राहिली. १८५२ मध्ये त्या घरच्या मालकिणीनं ३०० डॉलर मोजून तिला कायमचं सोडवलं. 'नॅशनल इरा'नं स्टोबाईंशी कादंबरीचा सुरुवातीला ठरवलेला मोबदलाही ३०० डॉलरच होता.

१८५३ मध्ये जेकब्जला वाटलं, की आपली कहाणी जगापुढे यावी, आणि ती लिहायला स्टोबाईंनी मदत करावी. एका मैत्रिणीकरवी तिनं तसं कळवलं. स्टोबाईंनी काय केलं? तिला काहीच न विचारता ते पत्र थेट तिच्या मालकिणीकडे पाठवलं. हे सगळं खरं आहे का, म्हणून खात्री करायला. खरं असेल तर आपल्या पुढच्या पुस्तकात पुरावा म्हणून घालते, असंही कळवलं. जेकब्जची मुलं एका गोऱ्या माणसापासून झालेली होती, आणि हे तिनं मालकिणीला कधी सांगितलं नव्हतं. ते असं, परस्पर, बाहेर आलं.

जेकब्जच्या मनाला ते फार लागलं. तिनं मग ठरवलं, की आपण स्वतःच लिहायचं. दिवसभर दुसऱ्याची मुलं, आणि रात्री, घर झोपल्यावर, चोरून लिखाण. तिला कोणी बहीण घर सांभाळायला आली नाही, कारण ती ज्या घरात राबत होती ते तिचं नव्हतंच. कित्येक वर्षं असं लिहून झालं. १८६१ मध्ये पुस्तक टोपणनावानं छापलं गेलं. पुढे कित्येक अभ्यासक म्हणत राहिले, की ही कादंबरी असणार, कोणा गोऱ्या बाईनं लिहिलेली. १९८० च्या दशकात जीन फेगन येलिन या अभ्यासक बाईंनी पत्रं आणि कागदपत्रं धुंडाळून ते तिचंच, आणि खरं, असल्याचं दाखवून दिलं.

मी स्टोबाईंना कमी लेखत नाही. ज्या गुलामगिरीविरोधी लढ्यात हे पुस्तक लिहिलं गेलं, त्या लढ्यातल्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं. तो धागा आपल्यापर्यंत येतो. पण थंडीत गोठत, बाळाला पाजत, अन्यायाविरुद्ध लिहिणारी बाईसुद्धा दुसऱ्या बाईच्या आयुष्याकडे 'पुरावा' म्हणून बघू शकते.

हे मी ताठ मानेनं सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी एका मेळाव्यात एका बाईची कहाणी सांगितली. आमच्या केंद्रात येत होती, नवऱ्यानं टाकलेली. नाव बदललं होतं. गुप्ततेचं तत्त्व कॉलेजात पाठच केलेलं. पण नवऱ्याचा धंदा सांगितला, हातावरच्या चटक्याचा डाग सांगितला, तालुका सांगितला. सभागृहात डोळ्यांना पदर लागले. मला टाळ्या मिळाल्या. श्रोत्यांत तिच्या जावेच्या माहेरची एकजण होती. आठवड्याभरात ते सासरी पोहोचलं. पोटगीची बोलणी चालू होती, ती मोडली. बाई यायची बंद झाली. मी घरी गेले तेव्हा तिनं चहा केला, आणि मी उठता उठता म्हणाली, "ताई, नाव बदललंत. पण गोष्ट माझीच होती ना? मला विचारायचं होतंत."

मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्या भाषणाचे कागद मी फाडून टाकले. त्याचा तिला काय उपयोग?

तेव्हापासून मी एवढं करते. जिचं लिहायचं तिला मसुदा वाचून दाखवते, छापायच्या आधी. लिहिता येत असेल तर तिलाच लिहायला सांगते, शुद्धलेखन आपण बघू. ती 'नको' म्हणाली तर नको. अंकाला उशीर झाला तरी चालेल. यावर आमच्याच गटात भांडणं झाली आहेत. चळवळीला उदाहरणं लागतात, असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. दुपारी त्यावर बोलूच.

आता जेवणाची सुट्टी. तीन वाजता लिहायला बसायचं आहे, दोन तास. ज्यांची लहान मुलं बरोबर आहेत त्यांनी ती मागच्या खोलीत सोडायची. तिथे मी आणि आणखी दोघी आहोत. आम्ही कोणीही येऊन कडी वाजवणार नाही.