बळ आणि पकड

१९६४ पासून पुढें सातआठ वर्षांत अमेरिकेंत मोटारींची एक विलक्षण जात भरभराटीस आली. गाडी बेताच्या आकाराची, तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें दांडगें एंजिन, आणि तें सारें बळ मागच्या दोन चाकांवर. या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. तेथील हौशी माणसें आजहि त्या जिवापाड जपतात आणि पाव मैलाच्या, म्हणजे १३२० फुटांच्या सरळ पट्टीवर शर्यतींत उतरवितात. ही ड्रॅग रेस. गाडी उभी असते. हिरवा दिवा लागला कीं सुटावयाचें. त्या क्षणीं चाक जमीन धरील कीं जागच्या जागीं गरगरत राहील, यावर पुष्कळसा निकाल ठरतो.

नवशिका मालक प्रथम एंजिनाची ताकद वाढविण्याच्या मागें लागतो. वर्गांत मुलांना जें शिकवीत आलों तेंच येथें सांगतों : गाडीला पुढें ढकलते ती जमीन. चाक जमिनीला मागें रेटतें, जमीन चाकाला पुढें रेटते. जमीन जेवढा रेटा सोशील तेवढाच कामीं येतो. उरलेला धुरांत जातो.

एक हिशेब करूं. १९६८ सालची फोर्ड मस्टँग कोब्रा जेट घ्या. तिच्या एंजिनाचा पीळ, ज्यास टॉर्क म्हणतात, कारखान्यानें ४४० फूट-पौंड सांगितला होता. पहिल्या गिअरांत तो २.३२ पट आणि मागच्या आंसाच्या दात्यांनीं पुन्हां साडेतीन पट होतो. चाकाची त्रिज्या १३ इंच धरून व वाटेंतील घट वजा जातां, जमिनीवर सुमारें २९०० पौंडांचा रेटा येतो. आतां गाडीचें वजन ढोबळ मानानें ३५०० पौंड धरा; त्यांतलें मागच्या चाकांवर जेमतेम १५००. गाडी सुटतांना भार मागें सरकतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून २० इंच, दोन आंसांतील अंतर १०८ इंच, आणि वेगवाढ गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी धरली, तर सुमारें ३२५ पौंड मागें येतात. एकूण झाले १८२५. साधा चांगला टायर अंगावरील भाराइतकाच रेटा कसाबसा सोसतो. म्हणजे हजारांवर पौंडांचा रेटा आधींच फुकट आहे ! त्यांत आणखी भर घालून काय साधणार ?

म्हणून उपायांचा आरंभ टायरापासून करावा. शर्यतीचा रुंद, मऊ रबराचा टायर अधिक पकड देतो. कारखान्यानें सांगितलेल्या मर्यादेंत हवा थोडी थोडी कमी करून पाहावी. सुटण्यापूर्वीं चाक क्षणभर फिरवून टायर स्वच्छ व ऊन करतात, त्यालाहि हेंच कारण.

दुसरा उपाय भाराचा. आपला गाडीवान गाडी उलाळ होऊं नये म्हणून ओझें पुढें सारतो. शर्यतवाल्यास मात्र ती किंचित् उलाळ झालेलीच हवी असते. त्यासाठीं पुढचे शॉक अब्सॉर्बर असे निवडतात कीं गाडीचें नाक चटकन् उचललें जावें. बॅटरी मागच्या पेटींत, उजव्या चाकाजवळ नेतात. उजव्याच कां ? एंजिनाकडून येणाऱ्या फिरत्या दांड्याच्या पिळानें सबंध आंस असा कलूं पाहतो कीं उजवें चाक हलकें पडतें. क्रायस्लर कारखान्यानें शर्यतीसाठीं काढलेल्या कमानींत उजवी कमान अधिक जोरकस ठेवली होती, ती यासाठींच.

तिसरा उपाय कमानींचा. चाकें पुढें फिरूं लागलीं कीं आंस उलट्या दिशेस पिळतो. पात्यांची कमान वांकडी होते, मग झटक्यानें सुटते, आणि चाक उड्या मारूं लागतें. उड्या मारणाऱ्या चाकाला पकड कोठली ? कमानीच्या पुढच्या भागाला आधार देणारे दांडे बसविले म्हणजे हा दोष आवरतो. फोर्डनें चार गिअरांच्या कोब्रा जेटमध्यें मागचा एक शॉक अब्सॉर्बर आंसापुढें व दुसरा आंसामागें बसविला होता, तो याच व्याधीवर उतारा म्हणून.

चौथी गोष्ट डिफरन्शियलची. साधें डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतें. एक निसटलें कीं दुसऱ्यालाहि तितकाच दुबळा वांटा मिळतो. दोन्ही चाकांना बांधून ठेवणारें, घसरण आवरणारें डिफरन्शियल हवें.

हे उपाय एका दिवशीं करूं नयेत. एका वेळीं एकच बदल करावा आणि पहिल्या ६० फुटांस लागलेला वेळ वहींत टिपावा. तेथें दशांश सेकंद वांचला तर शेवटीं त्याच्या दीडपट ते दुप्पट वांचतो, असा जाणत्यांचा अनुभव आहे.

आतां महत्त्वाचा इशारा. चाक निसटत होतें तोंवर जादा बळ धुरांत जात होतें. पकड आली कीं तेंच बळ पन्नासाहून अधिक वर्षांच्या जुन्या आंसावर आणि दांड्यावर कोसळतें. दांडा पुढच्या टोंकास तुटला तर तो जमिनींत रुतून गाडी उधळूं शकतो. म्हणून त्याखालीं पोलादी कडें हवेंच. मागें नेलेली बॅटरी घट्ट बांधावी, आणि वीज तोडण्याची कळ बाहेरून हातीं लागेल अशी असावी. गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर घात करतो. तो पट्टीपुरताच ठेवावा. १९५१ मध्यें वॉली पार्क्स यांनीं अमेरिकेंत राष्ट्रीय हॉट रॉड संघ स्थापिला, तो तरुणांच्या शर्यती रहदारीच्या रस्त्यांवरून काढून नियमांच्या पट्टीवर आणण्यासाठींच.

गेलेली गाडी कदाचित् पुन्हां मिळेल, माणूस मिळणार नाहीं. तेव्हां बळ वाढविण्यापूर्वीं पकड साधावी, आणि पकड साधण्यापूर्वीं ती सोसणारे भाग पारखून घ्यावेत. हा क्रम ज्यानें पाळला, त्याची जुनी गाडी पाव मैल वेगानें जाईल आणि सुखरूप घरींहि येईल.