ओलित दिवसा, लाइन सूर्याची

अकोट भागात रात्रीची लाइन आली की बॅटरी घेऊन वावरात जावं लागतं. साप, रानडुकरांची धास्ती वेगळीच. दिवसा ओलित करायचं तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्केच भरायचे आहेत. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. दुरुस्तीची हमी पाच वर्षं. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद मात्र आधी करून घ्या.

खारपाणपट्ट्यातल्या गावांनी जरा थांबून विचार करावा. पाणीच खारं, तिथे पंप सौर असो की विजेचा, जमीन बिघडायचीच.

घराच्या छतासाठी ‘पीएम सूर्यघर’मध्ये 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 आणि पुढे 78 हजार रुपये अनुदान आहे. भूगर्भातल्या उष्णतेसाठीही केंद्राने 2025 मध्ये धोरण आणलं, पण सातपुड्यातला उनपदेवचा गरम झरा पडला जळगाव जिल्ह्यात. आपल्याला सूर्यच जवळचा.

पंपाचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करा, पैसेही तिथेच भरा. दलालाच्या हाती रोकड देऊ नका.