विजेची सुरी



वसंतातल्या या प्रसन्न संध्याकाळी तुम्हांला रक्ताच्या गोष्टी ऐकवायला उभा आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. काल याच व्यासपीठावर काव्याचा पूर वाहिला असे ऐकले. आज वाहणारे थांबवावे कसे, एवढेच मला ठाऊक आहे.

शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सुरी येते. पण कापणे हा शल्यकर्मातला सोपा भाग होय. कापल्यावर जे रक्त येते त्याचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न. आपल्या सुश्रुतसंहितेत त्याचे चार उपाय आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी व्रण सांधावा, शीत उपचाराने रक्त गोठवावे, भस्माचा उपयोग करावा, आणि या तिन्हींनी भागले नाही तरच डाग द्यावा, कारण दाहाने शिरा आकसतात. डागाला शेवटचे स्थान दिले, यात त्या आचार्यांचे शहाणपण दिसते. जे रक्त थांबवते तेच मांस जाळतेही. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच लष्करी शल्यवैद्याने तापल्या लोखंडाऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याची रीत पुन्हा रूढ केली, आणि पुढे शतकानुशतके चिमटा आणि दोरा हेच आमचे आधार राहिले.

पण मेंदूत दोरा चालत नाही. तिथल्या वाहिन्या सायीसारख्या नाजूक. गाठ मारायला जावे तर वाहिनीच तुटून हाती यावी. बोस्टनचे हार्वे कुशिंग हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य. त्यांनी 1911 मध्ये वाहिन्यांवर बसवायच्या चांदीच्या इवल्या चापा काढल्या. तरीही कित्येक गाठी अशा होत्या, की त्यांना हात लावताच रक्ताचा लोट येई आणि डोके परत शिवून टाकावे लागे. 1926 साली अशाच एका रोग्याच्या डोक्यावरची गाठ काढताना रक्तापुढे हार मानून त्यांना अर्ध्यावर थांबावे लागले होते. त्यांनी विल्यम बोव्ही या गृहस्थाला हाक मारली. बोव्ही वैद्य नव्हे. वनस्पतींच्या अभ्यासातून भौतिकशास्त्राकडे वळलेला संशोधक. 1 ऑक्टोबर 1926 रोजी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्याचे यंत्र टेबलाशेजारी आणले गेले आणि सोडून दिलेली ती गाठ निघाली. त्या दिवशीची गंमत अशी, की रक्त देण्यासाठी म्हणून बसवलेला विद्यार्थीच ते दृश्य पाहून घेरी येऊन पडला. पुढे कुशिंगनी पूर्वी असाध्य म्हणून परत पाठवलेले रोगी पुन्हा बोलावून घेतले.

बोव्ही यातला पहिला नव्हे, हेही सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या एडविन बिअर यांनी 1910 मध्येच मूत्राशयातल्या गाठी विजेने जाळल्या होत्या. पण बोव्हीच्या यंत्राने कापणे आणि रक्त थोपवणे ही दोन्ही कामे हुकमी केली. त्याने आपले हक्क एका कंपनीला एका डॉलरला दिले, आणि 1958 साली तो वारला तेव्हा त्याच्यापाशी फारसे काही नव्हते. अमेरिकेतल्या शस्त्रक्रियागृहांत मात्र अजूनही परिचारिकेकडे हे हत्यार त्याच्या आडनावानेच मागतात.

आता कोणी विचारील, अंगात वीज सोडली तर माणूस दगावत कसा नाही? आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. तिने स्नायू आखडतात आणि हृदय बंद पडते. या यंत्रातली वीज सेकंदाला तीन लाखांहून अधिक वेळा हेलकावते. पाळणा पुढे ढकलावा आणि तो हलायच्या आत मागे ओढावा, असे लाखो वेळा केले तर पाळणा जागचा हलणार नाही. मज्जातंतूंचे तसेच होते. फ्रान्सच्या दार्सोनव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दाखवून दिले. मज्जातंतू हलत नाहीत. पण उष्णता उत्पन्न होते, आणि ती मांसातच होते. टोक तापलेले नसते. म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी याला सर्रास ‘कॉटरी’ म्हणतो ते चूकच; कॉटरी म्हणजे तापवलेले लोखंड. अखंड प्रवाह दिला तर पेशीतले पाणी क्षणात उकळून पेशी फुटते आणि चीर पडते. थांबत थांबत दिला तर पेशी सुकते, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी थिजते आणि वाहिनीचे तोंड बंद होते.

आत गेलेली वीज बाहेरही पडली पाहिजे. त्यासाठी रोग्याच्या मांडीखाली एक रुंद पट्टी ठेवतात. फळ्यावर टाचणी अंगठ्याने दाबताना जोर दोन्हीकडे सारखाच असतो. टोक लाकडात शिरते, अंगठ्याला काही होत नाही. पट्टीचे मर्म हेच. ती रुंद आणि अंगाला पूर्ण टेकलेली हवी.

इथे एक गोष्ट सांगतो. ती मी कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. मी नवा असताना एका लहान गावच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे अंतर्गळाचे ऑपरेशन करीत होतो. जुने यंत्र, शिशाची पट्टी, तिच्यावर ओले फडके. फडके एका बाजूने वाळले होते आणि पट्टी कलली होती. मी ती पाहिलीच नव्हती. रक्त नीट थांबेना, म्हणून मी म्हटले, ‘वाढवा.’ पुन्हा म्हटले, ‘आणखी वाढवा.’ म्हातारा जागा होता, पण कंबरेखालचा भाग बधिर. तो काय सांगणार? चादर काढली तेव्हा मांडीवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग. अंतर्गळाची जखम आठवड्यात भरली. मांडीच्या जखमेला दीड महिना लागला. त्याने मला विचारले, ‘डागदरसाहेब, आपरेशन पोटाचं, मग मांडी कशी भाजली?’ मी म्हटले, औषध अंगावर उठले. त्याने मान डोलावली. पुढच्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत तो आठवणीने घरी हुरडा घेऊन आला, आणि तेव्हाही मी खरे सांगितले नाही.

यंत्राचा जोर पडेना की आकडा वाढवण्याआधी पट्टी पाहावी, हे त्या मांडीने मला शिकवले. आता पट्टी दोन भागांत येते. ती नीट चिकटली नाही तर यंत्र ओरडते आणि आपणहून बंद पडते. चिमट्याच्या दोन टोकांमध्येच वीज खेळवण्याची रीत जेम्स ग्रीनवुड यांनी 1940 मध्ये मांडली. तिला पट्टीची गरजच नाही. 1990 नंतर सेकंदाला सुमारे 55 हजार वेळा थरथरून कापणारी हत्यारे आली, आणि सात मिलिमीटरपर्यंतची वाहिनी दाबून सांधणारीही आली. ती महाग आहेत. चांगली आहेत, पण साध्या ऑपरेशनला ती नाहीत म्हणून कोणी घाबरू नये.

तुमच्या हाती काय आहे, ते सांगून थांबतो. हृदयाला पेसमेकर बसवला असेल तर तो आधी सांगा. ही वीज त्याला चकवू शकते. कुठे धातूची पट्टी किंवा खुबा बसवला असेल तर तेही सांगा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला आमच्या आयाबहिणी तयार होत नाहीत, आणि सासूबाई बाहेर उभ्या असतील तर मुळीच नाही. तेव्हा ते काढायला सासूबाईंनीच सांगावे. अंगाला लावलेले स्पिरिट वाळेपर्यंत आम्ही थांबतो, त्याला उशीर म्हणू नका. ओल्या स्पिरिटावर ठिणगी पडली तर ते पेट घेते. आणि ऑपरेशननंतर भलत्या जागी डाग दिसला, तर तो कसा पडला हे डॉक्टरला जरूर विचारा. माझ्यासारखे उत्तर मिळाले, तर पुन्हा विचारा.

आता कोणाला काही विचारायचे असेल, तर अध्यक्षांच्या परवानगीने विचारावे.